अप्पांची शेवटची पुरवणी

१

लिफ्टवाले अप्पा गेल्यानं कोणाच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब वकीलबाईंनी अंत्यविधीच्या गर्दीत उभ्या उभ्याच करून टाकला. त्यांना कागद उघडावा लागला नाही. अप्पांचं मृत्युपत्र त्यांनीच लिहिलेलं, आणि ते अमलात आणायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात.

विद्यापीठाला तीन मजली घर आणि बँकेत होतं नव्हतं ते सगळं. अप्पा तिथले माजी विद्यार्थी. पुतण्याला लिफ्टच्या कंपनीतला अप्पांचा हिस्सा. आणि सुनेला काही नाही. काही नाही म्हणजे शून्यसुद्धा नाही, शून्याच्याही खाली. अप्पा जिवंत असेपर्यंत त्या घरात राहायची तिला मुभा होती. ते गेले की महिन्याभरात घर रिकामं करून किल्ल्या वकीलबाईंच्या टेबलावर आणून ठेवायच्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, माहेरी दार उघडणारं कोणी उरलेलं नाही. अप्पांचा श्वास चालू होता तोवर तिच्या डोक्यावर छप्पर होतं. सासऱ्याला उदंड आयुष्य मिळो असं मनापासून म्हणणारी सून शोधायची तर एवढी एकच सापडली असती.

आणि त्या गर्दीत तीच एकटी रडत नव्हती.

वकीलबाईंनी ते पाहिलं, पण त्यावर फार विचार केला नाही. अप्पांसारखा सासरा असला की डोळे कोरडे राहायला आणखी कारण लागत नाही. तिला ते नावानं हाक मारत नसत. "भाडेकरू, चहा आणा." "भाडेकरू, पाय चेपा." पाहुण्यांसमोर म्हणत आणि पाहुणे हसले नाहीत तर पुन्हा म्हणत.

मरण मात्र अप्पांना त्यांच्याच धंद्यातलं आलं. राहायचे दुसऱ्या मजल्यावर. घरातली लिफ्ट त्यांनी स्वतः उभी राहून बसवून घेतलेली. त्या दुपारी दुसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडं होतं, लिफ्ट होती तळमजल्यावर, आणि अप्पा तिच्या टपावर पडले होते. हातात काठी तशीच.

पोलिसांनी निकाल लावून टाकला. दाराचं कुलूप बिघडलं, म्हाताऱ्यानं लिफ्ट आली समजून पाऊल टाकलं. लिफ्टची देखभाल पुतण्याकडे, आणि त्याच दिवशी तो तेलपाणी करायला आलेला. म्हणजे हलगर्जीपणा त्याचा. आज ना उद्या त्याला आत घेणार, हे गर्दीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी होती.

तो वकीलबाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ओठ न हलवता म्हणाला, "बाई, कुलूप बिघडलेलं नव्हतं. दार चावीनं उघडलंय. काका पडले नाहीत. त्यांना पाडलंय."

२

"बस," वकीलबाई ऑफिसात शिरता शिरता म्हणाल्या. "आणि मला लिफ्टमधलं काही कळत नाही असं धरून बोल."

पुतण्या बसला नाही. खिशातून त्यानं एक लोखंडी दांडा काढला. टोकाला तिकोनी खाच. "प्रत्येक दाराला वरच्या बाजूला एक भोक असतं. लिफ्ट मजल्यावर नसेल तर दार फक्त ह्यानं उघडतं. आणि दार लागून कुलूप बसल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही."

"मग?"

"मग त्या दिवशी इन्स्पेक्टर वर कसे गेले?"

वकीलबाईंना इन्स्पेक्टर आठवले. पोट आधी येई, साहेब मागून. जिन्याकडे पाहूनच त्यांना दम लागायचा.

"लिफ्टनं गेले!" पुतण्या म्हणाला. "काकांना काढलं, वरचं दार ओढून घेतलं, आणि साहेब ऐटीत लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर. तिथे उभं राहून माझ्याविरुद्ध लिहून घेतलं की कुलूप तुटलंय. अहो, तुटलं असतं तर तुम्ही वर आलात कसे? पण हे बोललो असतो तर तिथेच कानाखाली बसली असती."

वकीलबाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "चावी कोणाकडे होती?"

"माझ्या पिशवीत. पिशवी दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापाशी. मी खाली हात धुवायला गेलो होतो, मग वहिनींनी जेवायला वाढलं."

"घरात आणखी कोण?"

"वहिनी वरखाली करत होत्या. आणि विद्यापीठाच्या त्या मॅडम बैठकीच्या खोलीत, फोनवर."

"वा! म्हणजे हलगर्जीपणातून सुटायला तू खुनात येऊन बसलास," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "चावी तुझी, पिशवी तुझी, आणि कंपनीतला हिस्सा मिळणार तुलाच. काकांनी तो सोमवारी दिला की शुक्रवारी काढून घ्यायचे. सध्या तुझ्या नावावर होता. मरायला याहून चांगला दिवस नाही."

पुतण्या आता बसला.

"बाई, मला मारायचं असतं तर विष घातलं असतं. लिफ्टवाल्यानं लिफ्टनं मारायचं म्हणजे दुकानाची पाटी गळ्यात अडकवून हिंडायचं. आणि दुसरं सांगू? काकांना दिसत किती होतं? मोतीबिंदू काढून घेईनात. 'उरलेल्या लोकांत बघण्यासारखं काय आहे' म्हणायचे. लिफ्ट आली की नाही हे त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागायचं. मी 'आली काका' म्हटलं तर काय करायचे माहीत आहे? 'तू आधी आत जाऊन उभा राहा' म्हणायचे. जन्मभर पोरांना तेच शिकवलं त्यांनी. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय टाकायचा नाही. असा माणूस माझ्या शब्दावर पुढे पाऊल टाकेल?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं. आणि पटलं म्हणूनच पुढचा प्रश्न आपोआप समोर उभा राहिला. मग टाकलं कोणाच्या शब्दावर?

३

विद्यापीठाच्या देणगी कक्षात फुलं ताजी असत आणि आवाज हळू. तिथल्या मॅडमचं काम एकच, माजी विद्यार्थ्यांना त्यांच्या मरणाविषयी आनंदानं बोलतं करायचं. ज्यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाचं नाव घातलं त्यांचा वाढदिवस त्या विसरत नसत. केक पाठवत, डॉक्टरची वेळ घेऊन देत, विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेली काठी भेट देत. सही झालेल्या पण अजून चालत्याबोलत्या मंडळींना कक्षात "मुरायला ठेवलेले" म्हणत. अर्थात दार लावून.

"बिचारे सर," मॅडम म्हणाल्या. "त्याच सकाळी तुमच्याकडून सही करून आलो आणि दुपारी हे."

सही म्हणजे मृत्युपत्राची नवी पुरवणी. अप्पांना पुरवण्यांची खोड होती. कॉलेजच्या परीक्षेत जेवढ्या जोडल्या नसतील तेवढ्या त्यांनी मृत्युपत्राला जोडल्या. ह्या पुरवणीत देणं बदललं नव्हतं, फक्त पाटी बदलली होती. घर विद्यापीठाला जाणारच होतं. आता तिथे मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. अप्पांना पाटीवर स्वतःचं नाव हवं होतं. पण विद्यापीठाचा नियम असा की एका माणसाचं नाव एकाच वास्तूला, आणि अप्पांचं नाव सभागृहाला आधीच देऊन झालेलं. अप्पा चिडले, मग विचारात पडले, मग हसायला लागले. "लिहा, सुनेच्या नावानं." वकीलबाईंनी लिहिलं.

"तुम्हाला आता घर मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "अप्पा आणखी पाच-सात वर्षं टिकते तर कुणी सांगावं, पुढच्या पुरवणीत घरही फिरलं असतं. सही झाल्याच्या दिवशीच ते गेले. तुमच्या दृष्टीनं सोन्यासारखी वेळ साधली."

मॅडम दुखावल्या नाहीत. त्यांच्या नोकरीत ते परवडत नसे. "वकीलबाई, सरांची नदीकाठची जमीन राहिली की हो. पुढच्या महिन्यात लिहून देतो म्हणाले होते. मी सरांना ढकलीन कशी? मी तर त्यांना जिना उतरू देत नव्हते."

हा जबाब वकीलबाईंना सगळ्यात खरा वाटला. एवढ्या कोडगेपणात खोटं मिसळायला जागाच उरत नाही.

"लिफ्टमध्ये तुम्ही कधी नेलंत त्यांना?"

"एकदाच. मी म्हटलं, 'सर, आली लिफ्ट.' तर त्यांनी काय करावं! ह्या आमच्याच काठीनं आत ठोकून पाहिलं, तळ लागतो का ते. मला इतकं मेल्यासारखं झालं. आणि त्यांची सून नुसतं 'आली' म्हणाली की सरळ पाऊल टाकायचे. काठी उचलून. मी म्हटलंही, 'सर, एवढा विश्वास?' तर म्हणाले, 'विश्वास कसला? मी मेलो तर ती रस्त्यावर येईल. माझ्या जिवाची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त.'"

वकीलबाई खुर्चीतून उठता उठता थांबल्या.

अप्पांनीही तोच हिशेब केला होता. आणि त्याच हिशेबावर पाऊल टाकून ते खाली गेले होते.

४

सून स्वयंपाकघरात होती. ते घराच्या पोटात, लिफ्टच्या मागे. एका बाजूला लिफ्टची भिंत, दुसरीकडे बाहेरची, आणि खिडकी कुठेच नाही. भर सकाळी दिवा लावावा लागायचा.

"बसा ताई. चहा टाकते."

वकीलबाई बसल्या. आतापर्यंतचा हिशेब त्यांच्या मनात अर्धाच जुळला होता. हात तिचा असणं शक्य होतं. पिशवी जिन्यापाशी, चावी पिशवीत, लिफ्ट कशी चालते हे लिफ्टवाल्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. तिच्याच एका शब्दावर अप्पा पाऊल टाकणार. पण का? छप्पर धरून ठेवलेला खांब कोणी आपल्या हातानं पाडतं का? रागानं? राग तर रोजचा होता. रोज गिळत आली ती त्याच दिवशी का ओकेल?

चहा घेताना त्यांची नजर बाहेरच्या भिंतीवर गेली. तिथे खडूनं एक मोठा चौकोन काढला होता. सरळ रेघा, कोपरे नीट जुळवलेले.

"हे काय गं?"

सून जरा लाजली. इतक्या वर्षांत वकीलबाईंनी तिला लाजताना पाहिलं नव्हतं. "गवंडी येऊन गेला काल. खिडकी काढायची म्हणते इथे. अप्पांना किती वेळा म्हटलं, तर म्हणायचे, भाडेकरूंनी भिंतीला हात लावायचा नसतो. सगळी वर्षं ट्यूबच्या उजेडात भाजी चिरली ताई. अळी दिसायची नाही, मग जेवताना त्यांच्या ताटात निघायची आणि माझा उद्धार व्हायचा." ती हसली. "लोक म्हणतील, सुतक फिटलं नाही आणि हिला खिडकी सुचतेय. म्हणू देत."

"लोकांना काय," वकीलबाई म्हणाल्या.

"कागद कधी वाचायचे ताई? लवकर वाचून टाका. मला ते वरचे दोन मजले भाड्यानं—" ती थांबली. "नाही, घाई नाही. आपलं विचारलं."

वकीलबाईंनी चहा संपवला. कप विसळून ठेवला. पायरी उतरून त्या रस्त्याला लागल्या.

महिन्याभरात घर सोडावं लागणारी बाई गवंड्याला बोलावत नाही. वरचे मजले भाड्यानं द्यायचे बेत करत नाही. कागद वाचायची घाई तर अजिबात करत नाही; त्या कागदात तिला बाहेर काढायचा हुकूम आहे.

ती घर सोडणाऱ्या बाईसारखी बोलतच नव्हती. ती मालकीण झाली होती. तिला मालकीण कोणी केलं?

५

मॅडमना फोन लागला तेव्हा त्या कुणालातरी केक पोचला का ते विचारत होत्या.

"त्या दिवशी तुम्ही अप्पांना गाडीतून घरी आणलंत," वकीलबाई म्हणाल्या. "सून दारात होती?"

"हो. सरांनी दारातच तिला आनंदाची बातमी दिली. इतकी रडली बिचारी! तिथेच खाली बसली पायरीवर."

"बातमी दिली म्हणजे काय म्हणाले? मला शब्द हवेत."

"शब्द? वसतिगृहाला तिचं नाव दिलं, तेच सांगितलं."

"'वसतिगृह' हा शब्द उच्चारला?"

मॅडम आठवू लागल्या. "नाही बाई. तसं नाही म्हणाले. म्हणाले, 'भाडेकरू, घर तुझ्या नावाचं करून आलो.' एवढंच."

"नावाचं? की नावावर?"

"नावाचं. पक्कं सांगते, कारण गाडीत ते सारखं तेच घोळवत होते. 'नावानं' म्हणू की 'नावाचं' म्हणू? 'नावानं' म्हटलं तर तिला कळेल, 'नावावर' म्हटलं तर खोटं होईल, 'नावाचं' बरं. मला वाटलं, किती हौस ह्या वयात! सुनेला बातमी सांगायची तर शब्द निवडून."

"आणि ती रडली तेव्हा?"

"सर हसत होते. खोकला लागेपर्यंत. मी तिला मिठी मारली, अभिनंदन केलं." मॅडमचा आवाज किंचित उतरला. "का हो? माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमची पाटी तयार झाली?"

"नमुना आलाय. पितळेचा, फार देखणा."

"मग परवा घेऊन या. वाचन सुनेच्या घरी ठेवते." वकीलबाईंनी फोन ठेवला. 'सुनेच्या घरी' म्हणताना त्यांनाही मजा वाटली. अप्पांना वाटली असेल तशीच. त्यांनी मग इन्स्पेक्टरना फोन लावला आणि चहाला बोलावलं. बैठकीची खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही, हे आवर्जून सांगितलं.

६

सुनेनं नवे कप काढले होते. पुतण्या दाराजवळ, पळायला सोपं पडेल असा. इन्स्पेक्टर सोफा भरून. मॅडम मांडीवर कागदात गुंडाळलेली पाटी घेऊन. सून अप्पांच्या खुर्चीत बसली होती. आजवर तिला त्या खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

वकीलबाईंनी जुनं मृत्युपत्र भराभर वाचलं. घर विद्यापीठाला, या वाक्याला सून शांतपणे हसली. जुनी गोष्ट ऐकतो तशी. मग पुरवणी आली. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"'सदर घरात विद्यापीठानं मुलींचं वसतिगृह चालवावं, आणि त्या वास्तूला माझ्या सुनेच्या नावानं ओळखलं जावं.'"



"नावावर," सून म्हणाली. "'नावावर' असेल ते, ताई. वाचताना चुकलं तुमचं."

"नावानं."

"अहो, अप्पा स्वतः म्हणाले. ह्या मॅडम होत्या ना! अभिनंदन नाही का केलं तुम्ही?"

"केलं की!" मॅडम उत्साहानं पुढे झाल्या. त्यांनी कागद सोडवला. पितळ चमकलं. "हे बघा ना, तुमचंच नाव. फक्त एक शंका होती, दुसरं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ? नंतर कोरून दुरुस्त होत नाही."

सुनेनं पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे घर माझं नाही."

"कधीच नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण तुला तसं वाटलं. त्या दुपारपुरतं वाटलं, आणि तेवढं पुरलं. साहेब, ऐका. दाराचं कुलूप शाबूत होतं. तुम्ही स्वतःच त्या लिफ्टनं वर गेलात." इन्स्पेक्टर खोकले. "दार पुतण्याच्या चावीनं उघडलं गेलं, पण पुतण्याच्या शब्दावर अप्पा आधी त्यालाच आत ढकलत. मॅडमच्या शब्दावर काठी आपटून बघत. एकीच्याच शब्दावर डोळे मिटून पाऊल टाकत, कारण आपण मेलो तर तिचं सगळं जाईल ह्याची त्यांना खात्री होती. आणि त्या सकाळी त्यांनी आपल्याच तोंडानं तिचा समज करून दिला की आता जाणार नाही. उलट मिळेल."

"सोमवारी दिलं की शुक्रवारी काढून घ्यायचे," पुतण्या पुटपुटला. त्याला आता सगळं दिसायला लागलं होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. "वहिनी..."

"तुमची कंपनी नाही का किती वेळा काढून घेतली भाऊजी?" सून म्हणाली. आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला वाटलं, मलाही शुक्रवारपर्यंतच. म्हणजे आजच काय ते. तुम्हाला जेवायला वाढलं आणि वर गेले. दार उघडून ठेवलं. ते म्हणाले, 'भाडेकरू, लिफ्ट आली का?' मी म्हटलं, 'आली.'"

इन्स्पेक्टर उठायला लागले. सोफ्यानं त्यांना लगेच सोडलं नाही.

"ताई, एक सांगा," सून वकीलबाईंना म्हणाली. "तुम्हाला खिडकी पाहिल्यावर कळलं ना? तेव्हाच का नाही सांगितलंत की घर माझं नाही?"

"सांगितलं असतं तर आज तू 'नावावर' म्हणाली नसतीस."

सुनेनं मान हलवली. त्यात तिला काही गैर वाटलं नसावं. "म्हणजे अप्पांनी मला फसवलं?"

"फसवलं नाही. एक अक्षर खोटं बोलले नाहीत. चेष्टा केली."

"हां," सून म्हणाली. "चेष्टा करायचे ते."

ती खुर्चीतून उठली, सगळ्यांचे कप गोळा केले आणि ट्रे घेऊन आत वळली. इन्स्पेक्टरनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि कुठे ठेवावा हे न कळून मॅडमच्या हातात दिला.

"आणि पाटीचं?" मॅडमनी विचारलं. "माझ्या नोंदीसाठी हो."

७

निकाल लागायला लागला तेवढा वेळ लागला. हिशेब त्याच्या कितीतरी आधी मिटला.

घर ठरल्याप्रमाणे विद्यापीठाला गेलं. खून सुनेनं केला, विद्यापीठानं नाही; कायद्याला तिथे थांबायचं कारण नव्हतं. तुरुंगात असलेल्या बाईचं नाव वास्तूला देता येत नाही असाही एक नियम निघाला. मॅडमनी नमुन्याच्या पाटीचा खर्च किरकोळ सदरात टाकला आणि वसतिगृहाच्या नावाची जागा पुढच्या देणगीदारासाठी मोकळी ठेवली. अशी मोकळी जागा दाखवून त्यांनी दोन जणांना मुरायला ठेवलं. त्यांना बढती मिळाली.

पुतण्यावरचा आरोप मागे घेतला गेला, पण वर्तमानपत्रांनी आधी छापलेलं कोणी मागे घेतलं नाही. सख्खा काका ज्याच्या लिफ्टमधून पडून मेला, त्याच्याकडे लिफ्ट कोण देणार? कंपनी त्यानं मिळेल त्या भावात विकली. आता तो दुसऱ्यांच्या लिफ्टना तेल घालतो आणि लोकांना शेवटपर्यंत सांगत नाही की विकलेल्या कंपनीचं आणि त्याचं आडनाव एकच का.

वकीलबाईंचं बिल इस्टेटीतून सगळ्यांच्या आधी चुकतं झालं. त्यात गवंड्याची मजुरी त्यांनी घातली होती, कारण तो मागायला त्यांच्याकडेच आला आणि त्याला कोणी दुसरं उरलं नव्हतं. विद्यापीठाच्या हिशेबनिसानं त्या रकमेवर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. वकीलबाईंनी ती स्वतःच्या खिशातून दिली. त्यांच्या बाजूनं एवढंच गेलं.

पुतण्या अजून भेटला की म्हणतो, "काही म्हणा बाई, काकांना चेष्टा महागात पडली. जीव गेला."

वकीलबाईंना हा हिशेब मान्य नाही. अप्पा शेवटच्या दिवशी खोकला लागेपर्यंत हसले, आणि गेला तो वापरून संपत आलेला जीव. सुनेचा अजून कोरा होता. सगळ्यांच्या वाटचं देणं त्यातूनच भरावं लागलं.